पहिली पकड : चिकटपणा मोजण्याची गोष्ट

साखरेचा पाक एकतारी झाला की नाही हे पाहण्यासाठी आपल्याकडे घरोघरी एक चाचणी वापरली जाते. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरायचा, बोटे जुळवायची आणि हळूच दूर करायची. मध्ये तार धरली तर पाक झाला, लगेच तुटली तर अजून थोडा वेळ. या चाचणीला उपकरण लागत नाही, आकडा लागत नाही आणि मुरलेल्या हाताची ती सहसा चुकतही नाही. अडचण येते ती ही जाण दुसऱ्याला कागदावर लिहून पाठवायची असेल तेव्हा. 'जराशी तार धरू लागली की उतरवा' या वाक्यातले 'जराशी' म्हणजे किती?

पाकाच्या बाबतीत चूक झाली तर लाडू वळत नाहीत, एवढेच. पण प्रवासी विमानाच्या आतल्या भिंतींवर शोभेचा पापुद्रा चिकटवणाऱ्या कारखान्यालाही नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो. चिकट थर 'पुरेसा चिकट' आहे हे कोणी, कसे ठरवायचे? बोटाच्या या परीक्षेचे आकड्यात रूपांतर व्हायला बराच काळ लागला आणि त्या वाटेवर काही माणसांचे प्राणही गेले. ती वाट या लेखात पाहू या.

विमानाच्या भिंतीत काय असते?

प्रवासी विमानात खिडकीभोवतीची भिंत किंवा डोक्यावरच्या सामानकप्प्याचे दार गुळगुळीत प्लॅस्टिकचे वाटते. प्रत्यक्षात ते एक सँडविच असते. मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे असलेला हलका गाभा असतो. तो बहुधा 'नोमेक्स' या न वितळणाऱ्या तंतूंच्या कागदापासून बनवतात. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना फिनॉलिक राळेत भिजवलेले काचतंतूंचे कापड बसवून ते उष्णतेने आणि दाबाने पक्के करतात. अशी फळी हाताला हलकी, पण वाकवायला अवघड असते. मात्र दिसायला ती मातकट, खडबडीत असते. म्हणून तिच्यावर रंगीत, नक्षीदार पापुद्रा चढवतात. घरातल्या टेबलावर सनमायका चढवतात तसाच हा प्रकार, फक्त हा पापुद्रा कितीतरी पातळ आणि लवचिक असतो. त्याचा पृष्ठभाग पुष्कळदा पॉलिव्हिनिल फ्लोराइडच्या पातळ फिल्मचा असतो. ड्यू पाँट कंपनीच्या 'टेडलर' या नावाने ती ओळखली जाते. ती सहज डागाळत नाही आणि वारंवार पुसली तरी टिकते.

फळी आणि पापुद्रा यांच्यामध्ये असतो चिकट थर. पापुद्रा खिडकीच्या खोलगट कडेवर दाबला की त्याला सरळ होऊन उडी मारायची असते. चिकट थराने त्याला त्याच क्षणी धरून ठेवले पाहिजे. पूर्ण पक्का होण्याची वेळ नंतर येईल, पण तोवर पापुद्रा जागेवर राहिला पाहिजे. हलक्या दाबाने, थोड्याशा वेळात पकड घेण्याच्या या गुणाला तंत्रज्ञ 'टॅक' म्हणतात. आपण त्याला 'पहिली पकड' म्हणू.

पहिली पकड कमी असेल तर कोपऱ्यातला पापुद्रा सुटतो. पण ती फार जास्त असली तरी चालत नाही. मग पापुद्रा टेकला तिथेच बसतो, सुरकुती पडली तर उचलून सरळ करता येत नाही आणि आत हवेचे बुडबुडे अडकतात. म्हणजे 'जास्त तितके चांगले' हा हिशेब इथे लागू नाही. जेव्हा एखादी गोष्ट कमीही नको आणि जास्तही नको असते, तेव्हा मोजमापाची गरज खऱ्या अर्थाने जाणवते.

बोट नेमके काय तपासते?

चिकट पृष्ठभागाला बोट लावून उचलताना आपण नकळत चार गोष्टी ठरवत असतो. बोट किती जोराने दाबले, किती वेळ ठेवले, किती वेगाने उचलले आणि बोटाचे व त्या पदार्थाचे तापमान काय होते. या चारांपैकी एक जरी बदलली तरी उत्तर बदलते. फणस कापणाऱ्याला हे ठाऊक असते. चीक हाताला लागू नये म्हणून तो आधी तेल चोळतो, म्हणजे पाचवी गोष्ट, पृष्ठभाग, तोही बदलतो.

सायकलचे पंक्चर काढणारा याच ज्ञानावर काम करतो. तो ट्यूबला आणि ठिगळाला सोल्यूशन लावतो आणि लगेच चिकटवत नाही. द्रावक उडून जाईपर्यंत थांबतो, बोट लावून पाहतो. थर बोटाला फारसा चिकटेनासा झाला की ठिगळ बसवून ठोकतो. बोटाला न चिकटणारा तो थर स्वतःसारख्याच दुसऱ्या थराला मात्र घट्ट धरतो. लवकर जोडले तर द्रावक आत अडकतो, फार उशिरा जोडले तर थर कोरडा पडतो. लावल्यापासून जोडण्यापर्यंतच्या या योग्य वेळेच्या खिडकीत काम उरकणे ही कारागिरी आहे. रबरी सोल्यूशनने पापुद्रे चिकटवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ही खिडकी सांभाळावी लागते.

तेव्हा 'हा डिंक किती चिकट?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणत्या दाबाने, किती वेळ, किती वेगाने, किती तापमानाला आणि कशावर?' असे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

गॅलिलिओच्या फरशा, स्टेफानच्या चकत्या

१६३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दोन नव्या विज्ञानांविषयीचे संवाद' या ग्रंथात गॅलिलिओने एक अनुभव चर्चेला घेतला आहे. संगमरवराच्या दोन अतिशय गुळगुळीत फरशा एकमेकींवर ठेवल्या तर एक दुसरीवरून सहज सरकते, पण सरळ वर उचलू गेल्यास खालची तिच्याबरोबर येते. मध्ये कोणताही डिंक नाही! निसर्गाला पोकळी नकोशी वाटते, या त्या काळच्या कल्पनेच्या आधाराने त्याने याचा विचार केला. हवेच्या दाबाची कल्पना पुढे टॉरिचेली आणि पास्कल यांच्या कामातून स्पष्ट झाली.

यापुढचे महत्त्वाचे पाऊल १८७४ साली व्हिएन्नाच्या जोसेफ स्टेफान यांनी टाकले. उष्ण वस्तूतून बाहेर पडणाऱ्या ऊर्जेच्या नियमामुळे भौतिकीच्या शिक्षकांना हे नाव परिचित आहे. स्टेफान यांनी दोन सपाट चकत्या द्रवात बुडवल्या, त्यांच्यात बारीक फट ठेवली आणि ठरावीक बलाने त्या दूर व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. फट निम्मी केली की लागणारा वेळ चौपट होतो, असे दिसले. द्रव जितका दाट, तितका वेळ जास्त. चकत्या दूर करायच्या तर मधल्या जागेत कडेने द्रव आत यावा लागतो आणि अरुंद फटीतून तो सावकाश येतो, हे त्याचे कारण. स्टेफान यांनी याला 'भासमान' चिकटणे म्हटले.

या प्रयोगाचा धडा फार मोलाचा आहे. सावकाश ओढले तर चकत्या थोड्या बलाने सुटतात, झटक्याने ओढले तर सुटत नाहीत. म्हणजे चिकटण्याचे बल हा पदार्थाचा एकच ठरलेला आकडा नाही. त्यात वेळ मिसळलेला आहे. पुढे चिकटपणाच्या ज्या चाचण्यांत ओढून बल मोजतात, त्यांत ओढण्याचा वेग काटेकोर ठरवून द्यावा लागला, तो यामुळेच.

दुधातला डिंक आणि मॉस्किटो विमान

सुरुवातीची विमाने लाकूड, कापड आणि डिंक यांची होती. सुतारांचा जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो आणि ओलाव्याने मऊ पडतो. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात दुधातल्या केसीन या प्रथिनापासून बनवलेला डिंक विमानांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरात आला. तो सरसापेक्षा पाण्याला अधिक दाद न देणारा होता, पण पूर्ण जलरोधक नव्हता.

ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे 'मॉस्किटो' हे लढाऊ विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याचे धड म्हणजे बर्चच्या प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून केलेले सँडविच होते. आजच्या विमानाच्या आतल्या फळीचा हा एक पूर्वज म्हणता येईल. सुरुवातीला त्यात केसीनचा डिंक वापरला गेला, पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइड राळेचा कृत्रिम डिंक आला.

या विमानाचा एक अध्याय भारताशी जोडलेला आहे. १९४४ च्या अखेरीस आपल्याकडे आणि आसपासच्या युद्धक्षेत्रात काही मॉस्किटो विमाने कोसळली. पंखाची वरची बाजू मुख्य तुळईपासून सुटल्याचा संशय होता. पहिले बोट अर्थातच डिंकाकडे दाखवले गेले. इथल्या उन्हाने आणि पावसाने केसीनचा डिंक तडकला, असे म्हटले जाऊ लागले. कंपनीतर्फे मेजर हेरवर्ड डी हॅविलंड यांचे पथक भारतात आले. डिसेंबर १९४४ च्या सुरुवातीला त्यांनी अहवाल दिला की डिंक खराब झालेला नाही, पावसाळी हवेत लाकडी सांगाडा आक्रसल्याने हे घडले. पण नंतरच्या चौकशीत सदोष बांधणीवर ठपका आला. ब्रिटनमध्ये केलेल्या तपासणीत तर मोसमी पाऊस कधीच न पाहिलेल्या विमानांतही तसेच दोष सापडले. सांधे चिकटवण्याच्या कामाचा दर्जाच कमी पडला होता.

हवामान दोषी की माल दोषी की हात दोषी? हा वाद इतका लांबला याचे मूळ कारण असे की चिकटवलेला सांधा बाहेरून पाहून काहीच कळत नाही. खिळा बसलेला दिसतो, रिव्हेट दिसते, वितळजोड दिसतो. डिंकाचा सांधा चांगला आणि वाईट दोन्ही सारखेच दिसतात. तो तोडून पाहिला तरच समजते आणि तोडल्यावर तो विमानात वापरता येत नाही. म्हणून अंतिम सांध्याइतकीच, किंबहुना जास्त, त्याच्या आधीच्या प्रत्येक पायरीची परीक्षा हवी. डिंक ताजा आहे का, पृष्ठभाग स्वच्छ आहे का, जोडताना पहिली पकड आली का?

धातूचा सांधा आणि मधाचे पोळे

याच सुमारास ब्रिटनमध्ये डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांची 'एरो रिसर्च' ही संस्था काम करत होती. १९४१ मध्ये त्यांनी धातूला धातू जोडणारा 'रिडक्स' हा डिंक तयार केला. 'रिसर्च' आणि 'डक्सफर्ड' यांची आद्याक्षरे जोडून हे नाव बनले. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. धातूवर फिनॉलिक राळेचा पातळ थर लावायचा, त्यावर दुसऱ्या पॉलिमरची पूड भुरभुरायची आणि मग उष्णता व दाब देऊन जोडायचे. फिनॉलिक राळ एकटी ठिसूळ असते. पुडीतल्या पॉलिमरमुळे सांध्याला चिवटपणा आला. युद्धानंतरच्या 'कॉमेट' या जेट प्रवासी विमानात रिडक्सचा मोठा वापर झाला.

डी ब्रुइन यांचे दुसरे योगदान पोळ्याच्या गाभ्याविषयी आहे. षटकोनी घरांच्या भिंतींच्या नुसत्या कडा वरच्या पत्र्याला टेकतात, म्हणजे चिकटायला जागा जवळजवळ नाहीच. डिंक योग्य दाटपणाचा असेल तर तो कडेच्या दोन्ही बाजूंना थोडा चढतो आणि कोपऱ्यात गोलसर टेकू तयार होतो. पेल्यातले पाणी कडेपाशी थोडे वर चढलेले दिसते, तसेच. या टेकूमुळे सांध्याला बळ मिळते. १९३८ च्या पेटंटातली ही कल्पना आजही विमानाच्या फळीत काम करते आहे.

चिकटपट्टीने शिकवलेले धडे

मात्र पहिल्या पकडीचे शास्त्र विमानांतून आले नाही, ते आले चिकटपट्टीतून. अमेरिकेत १९२० च्या दशकात दोन रंगांच्या मोटारींची लाट आली होती. एक रंग देताना दुसरा भाग झाकायला कारागीर वर्तमानपत्र डिंकाने चिकटवत. ते काढताना खालचा रंगही निघे. थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये यासाठी हलकी पकड घेणारी आणि सहज निघणारी पट्टी तयार केली. १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी आली. नुसत्या बोटाच्या दाबाने धरणारे हे डिंक न वाळता, न पक्के होता कायम चिकट राहतात. त्यामुळे 'पहिली पकड' हाच त्यांचा मुख्य गुण ठरला आणि तो मोजणे भाग पडले.

सर्वांत साधी चाचणी म्हणजे घरंगळती गोळी. साडेएकवीस अंशांच्या उतारावरून ६५ मिलिमीटर उंचीवरून सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सोडतात. ती खाली चिकट बाजू वर करून ठेवलेल्या पट्टीवर येते. जितक्या कमी अंतरावर थांबेल तितकी पकड जास्त. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण तिच्यात एक खोट आहे. थर जाड असेल तर गोळी त्यात रुतते आणि लवकर थांबते. त्यामुळे थांबण्याचे अंतर पकडीबरोबर थराची जाडीही सांगते आणि दोन्हींचा वाटा वेगळा काढता येत नाही.

दुसरी चाचणी फाशाची. पट्टीचा चिकट बाजू बाहेर असलेला फास करून तो काचेवर अलगद टेकवतात आणि ठरावीक वेगाने वर ओढून लागणारे बल मोजतात. इथे दाब देणारे फक्त फासाचे स्वतःचे वजन आणि ताठपणा.

तिसरी चाचणी बोटाच्या सर्वांत जवळची आहे. १९६० च्या दशकात रूढ झालेल्या या उपकरणात ५ मिलिमीटर व्यासाची धातूची सपाट सळई चिकट थराला खालून टेकते. दाब ठरलेला, टेकण्याचा वेळ एक सेकंद, परत येण्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. सुटताना लागलेले सर्वाधिक बल म्हणजे पकड. बोटाच्या परीक्षेतल्या ज्या चार गोष्टी आपण वर पाहिल्या, त्या इथे एकेक करून बांधून टाकल्या आहेत. बोट तेच, फक्त आता ते कुणाचेही असले तरी तेच उत्तर देते.

अशा मापनातून एक सुंदर नियम हाती आला. थ्री-एमचे कार्ल डालक्विस्ट यांनी १९६० च्या दशकात दाखवले की पदार्थ हलक्या दाबाने चिकटायचा असेल तर तो पुरेसा मऊ हवा. त्याचा स्थितिस्थापकत्व गुणांक साधारणपणे ३ लाख पास्कलच्या खाली असावा लागतो. काचेचा गुणांक सुमारे ७,००० कोटी पास्कल असतो, हे लक्षात घेतले तर हा पदार्थ किती मऊ हे कळेल. कारण सोपे आहे. डोळ्याला गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खाचखळग्यांचा असतो. मऊ पदार्थ क्षणभरात त्या खळग्यांत उतरतो, कठीण पदार्थ फक्त शिखरांना टेकतो. पुढे १९८० च्या दशकातल्या संशोधनात असेही दिसले की चांगली पकड असलेला थर सुटताना आधी त्याच्यात बारीक पोकळ्या होतात, मग असंख्य तारा ताणल्या जातात आणि त्या ताणण्यातच बरीचशी ऊर्जा खर्च होते. एकतारी पाक पाहणाऱ्या बोटांना दिसणारी तार ती हीच, फक्त इथे ती सूक्ष्म आणि पुष्कळ.

पण पकड म्हणजे सर्व काही नव्हे. थ्री-एमच्याच स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये असा डिंक मिळाला, जो लगेच धरायचा पण तितक्याच सहज सुटायचा. त्यापासून पुढे चिकटचिठ्ठ्या निघाल्या, ज्या १९८० पासून अमेरिकेत सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या. म्हणजे लगेच धरणे, सोलताना विरोध करणे आणि वजन टांगले तरी न घसरणे हे तीन निराळे गुण आहेत. यांतला एक वाढवताना दुसरा बहुधा कमी होतो. मऊपणा वाढवला तर पहिली पकड सुधारते, पण उन्हात पापुद्रा हळूहळू घसरतो.

हवेचा बुडबुडा

आता हे सगळे घेऊन विमानाच्या भिंतीकडे येऊ. पापुद्रा बसवताना कारखान्यात एक हवेचा बुडबुडा आत राहिला, असे समजा. जमिनीवर हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. उंच उडणाऱ्या विमानाच्या आतील दाब मात्र जमिनीइतका ठेवत नाहीत. तो जास्तीत जास्त ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे सुमारे ७५ किलोपास्कलपर्यंत खाली येऊ देतात. फरक झाला २६ किलोपास्कलचा. बुडबुड्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २६५ ग्रॅम वजनाइतके बल पापुद्र्याला आतून बाहेर ढकलते. बॉइलच्या नियमाने पाहिले तर मोकळेपणी फुगू दिल्यास तो बुडबुडा सुमारे एक तृतीयांशाने मोठा होईल. विमान उतरले की तो पुन्हा बसतो, पुढच्या उड्डाणात पुन्हा फुगतो. हे हजारो वेळा घडते आणि प्रत्येक वेळी बुडबुड्याची कड थोडी थोडी सोलली जाऊ शकते.

म्हणून बुडबुडा आधीच राहू नये हे महत्त्वाचे. पापुद्रा तापवून मऊ करतात आणि निर्वात पंपाने मधली हवा काढून घेत तो फळीवर खेचतात. पहिली पकड अशी हवी की हवा निघून जाईपर्यंत थराने घाई करू नये आणि पापुद्रा खोलगटात उतरल्यावर मात्र त्याला सोडू नये.

आगीने घातलेली अट

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या डीसी-९ विमानात स्वच्छतागृहाच्या भागात आग लागली. वैमानिकांनी विमान सिनसिनाटी येथे उतरवले. दारे उघडली, माणसे बाहेर पडू लागली आणि साधारण ६० ते ९० सेकंदांत आतला भाग एकदम पेटला. विमानातल्या ४६ जणांपैकी २३ जण वाचू शकले नाहीत.

आतल्या भिंती, छत, कप्पे किती वेगाने उष्णता सोडतात यावर सुटकेचे सेकंद अवलंबून असतात, हे या व अशा घटनांनी अधोरेखित केले. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८६ मध्ये मोठ्या फळ्यांसाठी उष्णता-उत्सर्जनाची चाचणी लागू केली. ओहायो राज्य विद्यापीठात विकसित झालेल्या उपकरणात १५ सेंटिमीटर चौरस तुकडा तीव्र उष्णतेसमोर धरतात. २० ऑगस्ट १९९० नंतर बनलेल्या मोठ्या प्रवासी विमानांसाठी मर्यादा अशी ठरली : पाच मिनिटांत कोणत्याही क्षणी प्रति चौरस मीटर ६५ किलोवॉटपेक्षा जास्त दर नको आणि पहिल्या दोन मिनिटांतली एकूण उष्णता प्रति चौरस मीटर ६५ किलोवॉट-मिनिटांपेक्षा जास्त नको.

चाचणीला फळी, पापुद्रा आणि डिंक एकत्रच जातात. त्यामुळे डिंकाचा प्रत्येक जादा ग्रॅम आता इंधन म्हणून मोजला जाऊ लागला. पकड वाढवण्यासाठी थर जाड करण्याची सोपी वाट बंद झाली. आग रोखणारी पूड डिंकात मिसळावी, तर कठीण कणांमुळे थर ताठ होतो आणि डालक्विस्ट यांच्या नियमाप्रमाणे पहिली पकड घटते. प्रवाशाला वाचवणारी अट आणि पापुद्रा धरून ठेवणारी अट अशा रीतीने समोरासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्यातली अरुंद वाट शोधायची तर 'बोटाला बरा वाटतो' हे उत्तर पुरत नाही.

आज धरले, उद्याचे काय?

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग २४,००० फूट उंचीवर उडून गेला. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला, अनेक प्रवासी जखमी झाले. वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवले ही असामान्य गोष्ट होती. त्या विमानाने तोवर ८९,६८० उड्डाणे केली होती.

ही घटना शोभेच्या पापुद्र्याची नव्हे, विमानाच्या मुख्य कवचाची आहे. पण चिकटपणाच्या इतिहासात तिला फार मोठे स्थान आहे. कवचाचे पत्रे जिथे एकमेकांवर येत, तिथे रिव्हेटांबरोबर इपॉक्सी डिंकात भिजवलेली कापडी पट्टी घातलेली होती. ती थंडीत साठवत आणि वापरताना बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला पक्की होऊ देत. थंड पट्टी बाहेर काढली की हवेतला ओलावा तिच्यावर दव होऊन बसू शकतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बसतो तसा. जास्त वेळ बाहेर राहिली तर ती लागण्याआधीच पक्की होऊ लागते. अशा सांध्यांनी कारखान्यातून बाहेर पडताना तक्रारीला जागा ठेवली नव्हती. पुढच्या वर्षांत काही ठिकाणी डिंक सुटला, ओलावा आत गेला, गंज चढला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या भोकांपासून निघालेल्या चिरा शेवटी एकमेकींना मिळाल्या. बोइंगने ही जोडण्याची रीत नंतर बांधलेल्या विमानांत आधीच सोडून दिली होती.

'आज किती बल लागते' ही चाचणी 'दहा वर्षांनी किती लागेल' हे सांगत नाही, हे विमान-अभियंत्यांना १९७० च्या दशकातच जाणवू लागले होते. त्यातून पाचरीची चाचणी रूढ झाली. चिकटवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये पाचर ठोकायची, म्हणजे सांध्यावर सतत ताण राहतो. मग तो तुकडा गरम, दमट हवेत ठेवायचा आणि चीर किती पुढे सरकते ते पाहायचे. कोरड्या हवेत उत्तम वाटणारा सांधा इथे तासाभरात उघडा पडतो. मॉस्किटोच्या काळात ज्या प्रश्नावर तज्ज्ञांचे एकमत होत नव्हते, त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हा सोपा मार्ग मिळाला. हवेवर ठपका ठेवण्याआधी ती हवा प्रयोगशाळेत आणता येऊ लागली.

बोटाची परीक्षा मात्र संपलेली नाही. राळेत भिजवलेले तंतूंचे कापड साच्यात अंथरताना ते नीट धरते का, हे कारागीर अजूनही हाताने पाहतात. अशा कापडाच्या पहिल्या पकडीसाठी एएसटीएम या मानक संस्थेची स्वतंत्र चाचणी २०२१ मध्ये आली. तिच्यात कापड रुळाखाली टेकवणे आणि लगेच सोलणे या दोन्ही क्रिया ठरावीक वेगाने, एकामागून एक होतात.

वर्गात करून पाहा

घरंगळत्या गोळीची चाचणी शाळेत अगदी थोड्या साहित्यात करता येते. पुठ्ठ्याचा घडी घातलेला उतार, एक गोटी, पट्टी आणि दोन-तीन प्रकारच्या चिकटपट्ट्या पुरतात. चिकटपट्टी उलटी, म्हणजे चिकट बाजू वर करून टेबलावर ताणून बसवा. गोटी दर वेळी त्याच उंचीवरून सोडा, धक्का देऊ नका आणि प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. एका पट्टीच्या ताज्या भागावर किमान पाच वाचने घ्या आणि सरासरी काढा.

मग एकेक गोष्ट बदला. पट्टी उन्हात ठेवून पाहा, बर्फाच्या डब्यावर ठेवून पाहा. गोटीला बोटाचा तेलकटपणा लागला तर काय होते? खडूची धूळ बसली तर? एकाच जागेवरून गोटी दहा वेळा सोडली तर अंतर वाढत जाते का? प्रत्येक वेळी निष्कर्ष लिहिताना विद्यार्थ्यांना 'ही पट्टी जास्त चिकट आहे' असे लिहू देऊ नका. कोणत्या गोटीने, किती उंचीवरून, किती तापमानाला आणि कितव्या वाचनात, हे त्यांनी लिहायला हवे. दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत तर फार चांगले. दोघांनी नेमके काय वेगळे केले, हे शोधण्यात उरलेला तास खर्च करावा.